पाणी मुरतं कुठं?

रात्रभर पाऊस पडून गेलेला असतो. सकाळी बोटीच्या केबिनमधली उशी उचलावी, तर ती खालून गार आणि जड लागते. खिडकी तर घट्ट बंद होती. पण खिडकीखालच्या फळीवर चहाच्या रंगाचा एक ओघळ वाळलेला दिसतो. त्यावर अंगठा दाबला की प्लायवुड भिजल्या बिस्किटासारखं आत जातं. म्हणजे हे एका रात्रीचं काम नाही, पाणी इथं कित्येक पावसाळे मुरत आलंय.

1960 आणि 1970च्या दशकांत युरोप-अमेरिकेत फायबरग्लासच्या शिडाच्या बोटी मोठ्या संख्येनं बांधल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ आजही पाण्यात आहेत. फायबरग्लास कुजत नाही, त्यामुळे अंग शाबूत राहतं. खिडक्या मात्र तेवढं आयुष्य घेऊन आलेल्या नसतात. ॲल्युमिनियमची चौकट, तीत ॲक्रिलिकचं तावदान आणि दोहोंच्या मध्ये रबर किंवा सीलंट. यांतला मधला थर सगळ्यांत आधी म्हातारा होतो. तो कडक होतो, आक्रसतो आणि एका कडेनं सुटतो.

तो कुठं सुटला हे शोधणं मात्र सोपं नाही. कोकणात कौलारू घर शाकारणाऱ्याला हा खेळ चांगला ठाऊक असतो. कौल फुटलेलं असतं आढ्याजवळ, पाणी वाशाच्या पोटावरून सरकत येतं आणि थेंब पडतो भलतीकडे, माजघरात. बोटीतही पाणी शिरतं एका स्क्रूच्या भोकातून, छताच्या आतल्या अस्तरामागून हातभर वाहत जातं आणि टपकतं निराळ्याच खिडकीखाली. म्हणून जाणती माणसं नळीचं पाणी आधी खालच्या कडेला धरतात आणि सावकाश वर चढत जातात. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच ओघळ येतात आणि काहीच कळत नाही. आणखी एक नामी युक्ती आहे. बोटीची सगळी दारं-झडपा बंद करायच्या, एका फटीतून ब्लोअरनं आत हवा भरायची आणि बाहेरून खिडकीच्या कडांना साबणाचं पाणी लावायचं. जिथं फट असेल तिथं बुडबुडे फुलतात. पाणी ज्या वाटेनं आत येतं, तिथूनच हवा बाहेर पडून चोरवाट दाखवते.

या वाटा पडतात, कारण बोटीतलं काहीच स्थिर नसतं. लाट अंगाला पीळ देते, शिडाचे दोर डेकला खेचत राहतात. त्यावर उन्हाची भर पडते. एक मीटर ॲक्रिलिक तापमानाच्या दर अंशाला सुमारे 0.07 मिलीमीटर वाढतं, ॲल्युमिनियम 0.023. म्हणजे 60 सेंटिमीटरचं तावदान पहाटेपासून दुपारपर्यंत 30 अंशांनी तापलं, तर ते सव्वा मिलीमीटरनं लांबतं आणि चौकट जेमतेम 0.4. हा ओढाताणीचा खेळ रोज चालतो, आणि तो सोसायचा असतो मधल्या थरानं.

सांधा उघडला तर काय होतं, हे ‘सुहैली’नं फार जवळून पाहिलं. 1960च्या दशकात मुंबईत बांधलेली ही 32 फुटी सागवानी बोट. हिच्यावरूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधल्या फालमथहून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून 22 एप्रिल 1969 रोजी परतले. अटलांटिकमध्येच तळाजवळच्या फळ्यांची फट गळू लागली. पाण्याखाली बुड्या मारून त्यांनी तिच्यात कापूस ठासायला घेतला, पण तो टिकेना. मग कॅनव्हासच्या पट्टीला कापूस शिवून ती पट्टी फटीवर ठोकली, वर तांब्याचा पत्रा मारला. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला गोळी घालावी लागली. पुढं सप्टेंबरमध्ये दक्षिण महासागरात एका लाटेनं बोट आडवी केली आणि केबिनचा सांगाडाच डेकपासून हलला. कडेनं भेगा पडल्या आणि प्रत्येक लाटेला पाणी आत येऊ लागलं. केबिनच वाहून गेली असती, तर तिच्या जागी समुद्राला एक मोठं भोक मिळालं असतं. त्या सांध्याला बळकटी देऊनच ते पुढं गेले.

बंदरातल्या बोटीवर एवढी जिवावरची वेळ नसते, पण काम तितक्याच निगुतीनं करावं लागतं. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये खाऱ्या पाण्यानं गंजून बसलेले असतात, त्यांच्याभोवती पांढरी भुकटी साचलेली असते. जोर केला की डोकं तुटतं, म्हणून थोडी ऊब द्यायची, तेल सोडायचं, वाट पाहायची. चौकट निघाली की भिंतीची कड उघडी पडते. तिथं फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असेल, तर खरी धाकधूक तेव्हा. पाणी तिथं मुरलेलं असतं. काळा पडलेला भुगा वाकवलेल्या खिळ्यानं कोरून काढायचा, कड पूर्ण वाळू द्यायची आणि पोकळीत घट्ट इपॉक्सी भरायचं. हे टाळून वरून सीलंट फासणं म्हणजे ओल्या भिंतीला चुना लावणं.

सीलंटची निवडही विचार करून करावी लागते. पॉलिसल्फाइड ॲक्रिलिकला सोसत नाही, आणि पुसायला ॲसिटोन वापरलं तर तावदानाच्या अंगात बारीक चिरा उमटतात. साधं सिलिकॉन एकदा लागलं की त्याच्या उरलेल्या पापुद्र्यावर पुढं दुसरं काही धड चिकटत नाही, म्हणून जुनं असेल तर ते कणाकणानं खरवडावं लागतं. ब्यूटाइल टेप वर्षानुवर्षं मऊ राहते, म्हणून स्क्रूच्या चौकटींना ती मानवते. नुसत्या चिकटवलेल्या तावदानांना उंच इमारतींच्या काचा धरून ठेवणारं सिलिकॉन वापरतात. मात्र आवळताना हात राखून ठेवावा लागतो. स्क्रू जीव खाऊन पिळले तर सगळं सीलंट बाहेर येतं आणि मागे कागदाएवढा पापुद्रा उरतो, जो ताण सोसू शकत नाही. सुमारे 3 मिलीमीटरचा मऊ थर आत राहिला पाहिजे. तावदानाच्या कडेलाही थोडी मोकळी जागा हवी, उन्हात वाढायला.

मग सीलंट पक्कं होईपर्यंत थांबायचं. त्यानंतरच्या पहिल्या पावसाच्या रात्री खिडकीच्या आतल्या कडेला टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवून ठेवायच्या. एक थेंब आला तरी त्या रंग बदलतात. पहाटे टॉर्चच्या उजेडात पट्टीवरून हळूच बोट फिरतं, आधी खालची कड, मग दोन्ही कोपरे, मग वर. डेकवर पाऊस अजून वाजत असतो. कागद खरखरीत, कोरडा लागतो. उशी पुन्हा तिच्या जागी जाते.