दिव्याला जाऊन दिव्यावर अडकलो



मेथीचा तिसरा प्लॉट कालपासून उपटायला घेतलाय. पहाटे दव इतकं पडतंय की जुड्या बांधताना बायांचे हात गारठतात. पण आजची नोंद मेथीची नाही, मेथी वाहणाऱ्या गाडीची आहे. थोडी लाज वाटते लिहायला, तरी लिहितो.

आमचं शिवार मांजरीत. गाव पुणे महापालिकेत जाऊन काही वर्षं झाली, पण कालव्याकडेच्या रस्त्याला अजून दिवे नाहीत. भाजीपाला घेऊन रात्री अडीच-तीनला पिकअप मार्केट यार्डाला निघते. गाडी दहा वर्षांची. हेडलाइटचा उजेड म्हणजे देव्हाऱ्यातली समई. म्हणून दिवाळीच्या आधी पोरगं म्हणालं, "अण्णा, एलईडी टाकू." एका दुकानातून बाराशेची जोडी आणली, जुने हॅलोजन काढून त्याच जागी बसवली. फिटिंग दहा मिनिटांत झालं. पांढराफटक उजेड पडला. मीच म्हणालो, हे आधी का नाही केलं!

डिसेंबरात पासिंग आलं. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी फिटनेस काढावं लागतं, त्यानंतर दरवर्षी. म्हणून गाडी घेऊन वडकीवरून घाट चढून दिव्याला गेलो. ब्रेक बरे, टायर बरे, रिफ्लेक्टर पट्ट्या नव्या. साहेबांनी दिवे लावायला सांगितले, समोर जाऊन उभे राहिले, लगेच डोळ्यांवर हात धरला.

"काका, बल्ब बदललेत ना?"

"हो साहेब. उजेड कमी पडत होता."

"हे चालत नाहीत. कंपनीचे होते ते टाकून आणा."

"नव्या गाड्यांना तर एलईडीच येतात की."

"त्यांचा अख्खा दिवाच एलईडीचा असतो, तसा तपासून पास झालेला. तुमचा दिवा हॅलोजनचा, आत बल्ब दुसरा."

दिव्याला जाऊन दिव्यावरच अडकलो. रांगेतला एक ड्रायव्हर हसून म्हणाला, "माऊली, जुने बल्ब खिशात ठेवायचे. पासिंगपुरते टाकायचे, घरी जाऊन परत बदलायचे. सगळे तेच करतात." जुने बल्ब डॅशबोर्डात होतेच. बसवले, गाडी दाखवली, पास झाली. संध्याकाळी पोरानं एलईडी परत टाकले. मी बघत होतो. काही बोललो नाही.

आठवड्याभरातली गोष्ट. सकाळी साडेपाच, धुकं. आमच्याकडे वीस वर्षं खुरपणीला येणारी मावशी आणि मी कालव्याच्या कडेनं शेताकडे निघालो होतो. समोरून गाडी आली. उजेड असा अंगावर आला की रस्ता, कडा, चारी सगळं गायब. मी जागेवर थांबलो. मावशी बाजूला व्हायला गेल्या आणि पाय चारीत गेला. हातावर पडल्या. गाडी पुढे जाऊन थांबली. मी शिवी हासडायला तोंड उघडलं, तर आतून आवाज आला, "अण्णा, काय झालं?"

गाडी आमचीच होती. पोरगं मार्केटवरून परत येत होतं. त्याला आम्ही दोघं दिसलोच होतो. आम्हाला मात्र काहीच दिसत नव्हतं.

मावशींचं मनगट मुरगळलं, हाड वाचलं. चारीत तेव्हा पाणी नव्हतं.

त्या रात्री मी टेप काढला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ वा नियम आहे. दिव्याचा झोत कायम खाली झुकलेला हवा. किती, तर दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. दीड मीटर म्हणजे जवळजवळ पाच फूट. जवळजवळ आपल्याकडच्या बाईमाणसाची उंची. टेप धरून ८ मीटरवर खूण केली, वाकून त्या उंचीवर आलो आणि पोराला डिपर लावायला सांगितला. दोन सेकंद बघवलं नाही. मग त्याला समोर उभं केलं, मी स्टिअरिंगवर बसलो. तोही काही बोलला नाही.

असं का होतं, ते फवारणीवाल्याला लगेच कळेल. तणनाशकाला कट नोझल लागतो, औषधाला गोल. पंप तोच, प्रेशर तेच, पण नोझल चुकला की फवारा भलतीकडे जातो. टू-फोर-डी मारताना वाऱ्यानं उडून शेजाऱ्याचा टोमॅटो जातो, आणि आपल्याला वाटतं आपलं तण मस्त जळालं. हेडलाइटचं तसंच. हॅलोजन बल्बात डिपरची तार एका ठरलेल्या जागी असते, तिच्याखाली पत्र्याची बारीक वाटी असते. मागचा आरसा त्या तारेच्या जागेवर मापून बनवलेला असतो. एलईडीत तारेऐवजी दोन बाजूंना चिप. उजेडाची जागा बदलली की आरसा तो कुठेही फेकतो. थोडा रस्त्यावर, बाकीचा समोरच्याच्या डोळ्यांत. शिवाय तो वरही उडतो, त्यामुळे धुक्यात आपल्यालाही पांढरी भिंतच दिसते.

कायद्याचंही सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडीत वेगळा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२ अ आलं. नियमात न बसणारा बदल मालकानं केला, तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. समोर लावायच्या सर्चलाइटलाही परवानगीशिवाय मनाई आहे. बाजारात वस्तू उघड मिळते म्हणून ती रस्त्यावर चालते असं नाही.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडात २०२१ पासून हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब घातलेली कार वार्षिक तपासणीत नापास करतात. जर्मनीत २०२० मध्ये असे काही बल्ब पहिल्यांदा मंजूर झाले, पण ठरावीक मॉडेलच्या ठरावीक दिव्यांसाठीच, एकेक तपासून. म्हणजे एलईडी वाईट नाही. जोडी जुळली पाहिजे.

मग उजेडाचं काय? माझं मूळ दुखणं खरंच होतं. अंधारात गाडी हाकणाऱ्याला दिसायला नको का? म्हणून गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यानं तीन गोष्टी केल्या. पिवळी पडलेली काच घासून साफ केली. होल्डर आणि अर्थिंगचा गंज काढला. तिथेच करंट मरत होता. आणि ६०/५५ वॅटचे नवे बल्ब जोडीनं टाकले. मी १००/९० चे मागत होतो. तो म्हणाला, "होल्डर वितळेल, आणि तेही नियमात नाही." खर्च एलईडीपेक्षा कमी आला. उजेड पांढराफटक नाही, पण रस्त्यावर पडतो.

झोत तपासायला घरची भिंत पुरते. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. भिंतीवर दिव्याच्या मध्याइतक्या उंचीला खडूची रेघ मारा. डिपरची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली हवी, फक्त डाव्या बाजूला ती थोडी वर चढते. आणि मागे माल भरला की गाडीचं तोंड वर होतं, झोतही वर जातो. ज्या गाडीत झोत खालीवर करायचं बटण आहे, त्यांनी भरलेल्या गाडीला ते फिरवत जा. आमच्या गाडीत ते दहा वर्षं होतं, आम्ही हात लावला नव्हता.

मावशी पंधरा दिवस घरी होत्या. दवाखाना आणि रोज मी दिला, तो द्यायलाच हवा होता. परवा पहिल्यांदा कामावर आल्या. मी म्हटलं, "मावशी, गाडीचे दिवे बदलले." त्या मेथी उपटता उपटता म्हणाल्या, "आता पोरगं दिसतं गाडीतलं. आधी नुसती आगच यायची." म्हणजे त्या दिवसाआधीही रोज येत होती. बोलल्या मात्र नाहीत. मालकाची गाडी ना.

पासिंगच्या दिवशी साहेबांना फसवलं असं मला वाटत होतं.

एलईडीची जोडी शेडमध्ये पत्र्याच्या डब्यात पडली आहे. कुणी मागितली तरी देणार नाही. तुम्ही एक करा, आज रात्री आपल्याच गाडीसमोर आठ मीटरवर जाऊन उभे राहा. काय दिसलं ते खाली लिहा.

उद्या मेथीचे भाव टाकतो.