डबलरोटीतल्या चिप्स

माझे माहेर पांढुर्णा आणि सासर सौंसर. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर तालुका त्यात गेला आणि सरकारनेच माझे सासर माहेरात नेऊन टाकले, असे मी गमतीने सगळ्यांना सांगते. एरवी माहेरी जायला निमित्त लागते, पण रविवारी मी शक्यतो जातेच. कारण रविवारी संध्याकाळी इंग्लंडहून भाच्याचा फोन येतो आणि आई त्याला ठरलेला एकच प्रश्न विचारते, "काय जेवला रे बाबू?"

भाचा २०२२ च्या सप्टेंबरात लेस्टर या गावी शिकायला गेला. त्यासाठी भावाने संत्र्याच्या बगीच्यावर कर्ज काढले. पहिल्या काही रविवारी "जेवलो आजी, मस्त जेवलो" एवढ्यावर भागले. मग एक दिवस तो हसत म्हणाला, "आज विलायती पक्वान्न होतं. क्रिस्प सँडविच."

हे पक्वान्न असे. डबलरोटीचे दोन काप घ्यायचे, लोणी लावायचे, मध्ये चिप्सचा अख्खा पुडा रिकामा करायचा आणि वरून तळहाताने असे दाबायचे की आतून करकर आवाज आला पाहिजे. झाला स्वयंपाक! आपण ज्यांना चिप्स म्हणतो त्यांना तिकडे क्रिस्प म्हणतात, आणि ते ज्यांना चिप्स म्हणतात त्या बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी. त्याही पावात घालून खातात, त्याचे नाव चिप बटी. वडापाव खाणाऱ्यांनी याला हसू नये हे खरे, पण आपल्या वड्याला निदान लसूण-मिरची तरी असते!

आई मात्र हसली नाही. तिने विचारले, "डबलरोटी? काऊन रे, ताप आला काय तुले?"

मैत्रिणींनो, आमच्या पिढीच्या घरात डबलरोटी कधी येत असे, आठवते ना? घरात कोणी आजारी पडले की. दुधात बुडवून रोग्याला द्यायची आणि बाकीच्या पोरांनी दाराआडून बघत राहायचे. आईच्या लेखी डबलरोटी खाणारा म्हणजे खाटेवर पडलेला.

भाच्याला तेवढेच हवे होते. पुढे दर रविवारी तो नवी गंमत सांगू लागला. कधी भाजलेल्या पावावर डब्यातला गोडसर राजमा, म्हणजे बीन्स ऑन टोस्ट. कधी पॉट नूडल, म्हणजे पेल्यात उकळते पाणी ओतायचे की शेवया तयार. आपल्याकडे मॅगी आली १९८३ साली, त्यांच्याकडे हा पेला १९७७ पासून आहे. त्या शेवयाही ते लोक पावात घालतात म्हणे! पण सगळ्यांवर ताण केली ती टोस्ट सँडविचने. पावाचे दोन काप, मध्ये लोणी आणि मीठ-मिरपूड लावलेला भाजलेला तिसरा काप. बस. १८६१ साली मिसेस बीटन यांच्या गृहव्यवस्थेच्या जाडजूड पुस्तकात ही कृती आली. २०११ साली तिथल्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या संस्थेने ती पुन्हा वर काढली आणि साडेसात पेन्समध्ये होणारे देशातले सर्वांत स्वस्त जेवण म्हणून तिचा गवगवा केला.

आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजे भाकरीसंग भाकरच खायची. मंग भाजी कायची?"

आम्ही पोट धरून हसलो. मात्र एक गोष्ट मला नंतर कळली. मिसेस बीटन यांनी ही कृती दिली आहे ती आजाऱ्यांच्या पथ्याच्या प्रकरणात. म्हणजे माझी चौथी शिकलेली आई बरोबरच बोलत होती!

२०२४ च्या पोळ्याला भाचा घरी आला. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे पांढुर्ण्यात गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, इकडून पांढुर्णा आणि तिकडून सावरगाव, मध्ये दगडांचा पाऊस. दरवर्षी डोकी फुटतात. त्यामुळे त्या दिवशी लहान पोरांना घराबाहेर सोडायचे नाही, हा आईचा दंडक. पण सात पोरे दिवसभर घरात कोंडायची कशी? भाचा म्हणाला, "आत्या, आज मी यांना विलायती पंगत देतो." आदल्या दिवशीच त्याने किराणा दुकानातून पाच-पाच, दहा-दहा रुपयांचे पुडे आणून ठेवले होते.

मग काय विचारता! शेफर्ड्स पाय म्हणजे खिम्यावर बटाट्याचा थर देऊन भाजलेला प्रकार. खिम्याच्या जागी सोयाबीनच्या वड्या आल्या, वर कुस्करलेला बटाटा आणि त्यावर चुरलेल्या चिप्स. फिश अँड चिप्समध्ये चिप्स म्हणून पिवळे पोंगे, आणि मासा म्हणून पोळ्याची उरलेली करंजी, तिला लवंगेचा डोळा! तो डोळा बघून आईने गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "माळकरणीच्या घरात मासा?" करंजी मोडून आतले सारण दाखवले तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

शेवटी गोड म्हणून ट्रायफल. त्यात केक हवा, तर पार्ले-जीचे थर लावले. फळ हवे, तर संत्री अजून झाडावर हिरवीच, म्हणून केळी. वर कस्टर्ड. आईने पुन्हा विचारले, "याच्यात अंडं नाही ना?" भाचा म्हणाला, "आजी, ही पावडर निघालीच मुळी अंडं नको म्हणून." ते खरेच आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडे सोसत नव्हते, म्हणून त्यांनी १८३७ साली बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. बायकोच्या पथ्यासाठी नवऱ्याने चुलीपाशी खटपट केली, हे ऐकून आईने कस्टर्ड दोनदा मागून घेतले.

पोरे तृप्त होऊन झोपली. आईपुढे शेवटचे क्रिस्प सँडविच होते. तिने एक घास खाल्ला, सावकाश चावला आणि भाच्याकडे बघून विचारले, "बाबू, हे तू हौशीनं किती डाव खाल्लं आन् भुकेनं किती डाव?"

भाचा हसला. मग त्याचे हसू विरले. बऱ्याच वेळाने तो बोलला. पहिल्या हिवाळ्यात तिकडे विजेचे भाव भडकले होते. खोलीतल्या मीटरमध्ये आधी पैसे भरायचे, मगच वीज. शिकणाऱ्या पोराला सत्राच्या दिवसांत आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येत नाही. घरभाडे दिल्यावर महिन्याच्या शेवटी शेगडी लावायची की खोली गरम करायची, एवढाच हिशोब उरायचा. संध्याकाळी दुकानात शिळी होऊ घातलेली डबलरोटी पिवळी चिठ्ठी लावून स्वस्तात विकतात, ती आणायची आणि चिप्सचा पुडा. "बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी आणखी कर्ज काढलं असतं. आणि आजी, तू विचारायचीसच. म्हणून गंमत करून सांगत होतो."

मी रडायलाच लागले. दर रविवारी फोनपाशी सगळ्यांत मोठ्याने हसणारी मीच होते.

आई रडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले पंगत आठवते काय, लहानपणची?" आठवत होती. अधूनमधून आई जाहीर करायची, आज पंगत! आम्हा भावंडांना ओळीने बसवायची, पळसाच्या पत्रावळी मांडायची आणि "वाढू काय पाटील, वाढू काय पाटलीणबाई" करत ज्वारीच्या कण्या आणि ताक वाढायची. माझ्या बालपणीचा तो सर्वांत आनंदाचा प्रसंग.

"मूठभर जवारीच्या भाकरी होते दोन," आई म्हणाली, "कण्या शिजवल्या तं होते गंजभर. ज्या दिशी डब्यात मूठभरच राहे, त्या दिशी पंगत."

पन्नास वर्षे मला हे ठाऊक नव्हते. आईने मला हसवले, तिच्या नातवाने मला हसवले, आणि दोन्ही वेळा माझ्या लक्षात काहीच आले नाही.

लेस्टरच्या ज्या क्रिस्पवर पोराने दिवस काढले, त्यांचाही जन्म टंचाईतला. तिथली वॉकर्स ही मूळची खाटकाची पेढी. युद्धानंतरही मांसावर रेशन चालूच होते, दुकानात विकायला माल नाही, म्हणून १९४८ साली त्यांनी बटाट्याचे काप तळायला घेतले. टंचाईला चव लावून खाणे कोणत्याही देशाला नवे नाही.

भाच्याला आता तिकडे नोकरी लागली आहे, कर्जाचे हप्ते फिटताहेत. परत जाताना आईने त्याच्या पेटीत तीन किलो चिवडा कोंबला. तिकडे चिवडा बॉम्बे मिक्स या नावाने दुकानात मिळतो, हे त्याने सांगून पाहिले. "त्याच्यात माह्या हातचा कढीपत्ता हाय काय?" या प्रश्नापुढे तो काय बोलणार? तो चिवडा त्याने डबलरोटीत घालून खाल्ला आणि फोटो पाठवला.

फोन अजून रविवारीच येतो. पण आई आता "काय जेवला" असे विचारत नाही. ती म्हणते, "डबा उघडून दाखव."

भाचा निमूटपणे फोन फिरवतो आणि एकेक डबा उघडून तिला दाखवतो. तांदूळ, तूरडाळ, कणीक. आई चष्मा सावरून तळापर्यंत बघून घेते. मगच आम्ही हसायला सुरुवात करतो.