उरलेल्या तुकड्यांची गोधडी



आमच्या सुरतेत कापडाला तोटा नाही. रिंग रोडच्या मार्केटमधून चिंध्यांची पोती निघतात. पण बहुतेक कापड पॉलिस्टरचं. ते घाम टिपत नाही. म्हणून गोधडीच्या आत मी आईची जुनी सुती लुगडी घालते आणि वर चिंध्या जोडते. कडेपासून धावदोरा घालत हळूहळू मध्यापर्यंत यायचं.

यंदा दोन पुऱ्या झाल्या. एक भाचीच्या बाळाला दिली, दुसरी लिंबायतच्या एका विधवा बहिणीला. तिसरी आमच्या मोतीची. चौदा वर्षांचा, डोळ्यांनी अधू. मी शिवायला बसले की नेमका कापडावरच येऊन झोपायचा. गोधडी मध्यापर्यंत पोहोचण्याआधीच तो गेला. आठवडाभर सुई हाती धरवेना.

त्या दिवसांत प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9 वाचला. यापो गावची टबीथा वारली, तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवले. टबीथाच्या तोंडचा एकही शब्द शास्त्रात नाही. तिच्या वतीने तिचे टाकेच बोलले. प्रभूने तिला उठवलं. मोती काही परत येणार नाही. पण माया ज्याच्यासाठी शिवली तो गेला, म्हणून ती वाया जात नाही.

मी उरलेले टाके घातले. आता त्या गोधडीवर आमची धाकटी कुत्री राणी झोपते.

हे प्रभू, आमच्या हाती उरलेले तुकडे कुणाच्या तरी उबेसाठी जोडायला आम्हाला शिकव. आमेन.