वाडीचं शहर वर्धा

मुलांनो, वर्धा म्हटलं की सगळ्यांना सेवाग्रामच आठवतं. सहल येते, बापूकुटी पाहते, डबे खाते आणि परत जाते. वर्धा शहर मात्र बसच्या खिडकीतूनच मागे पडतं. आज आपण बसमधून उतरू या आणि चक्क पायी फिरू या. पाण्याची बाटली घ्या बरं का, वर्ध्याचं ऊन काही साधंसुधं नाही!

तर पहिला प्रश्न. वर्धा शहरात वर्धा नदी कुठे आहे? शोधून दमाल, कारण नदी शहरातून वाहतच नाही. शहराने फक्त तिचं नाव घेतलं. मग त्याआधी इथे काय होतं? इथे पालकवाडी नावाचं एक छोटं खेडं होतं. १८६२ साली नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्याची कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. पुढे १८६६ मध्ये पालकवाडीची जागा निवडली गेली. खेड्यातली घरं, झोपड्या पाडून जमीन सपाट केली आणि त्यावर नवं शहर वसवलं. पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. आसपास काळी कसदार जमीन आणि कापसाचं पीक. मग काय, गाव वाढायला वेळ लागला नाही. पण ज्यांच्या ओसऱ्या, चुली त्या सपाट जमिनीखाली गेल्या, त्यांना काय वाटलं असेल? ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आता लक्ष्मीनारायण मंदिराकडे वळू या. शेठ जमनालाल बजाज यांच्या घराण्याचं हे मंदिर. त्या काळी कितीतरी माणसांना अस्पृश्य म्हणून देवळाबाहेरच उभं राहावं लागे. तुमच्याएवढी मुलंसुद्धा त्यात असत. आत घंटा वाजायची, आरती चालायची आणि ही मुलं रस्त्यावरून ऐकायची. जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी या मंदिराचं दार सर्वांसाठी उघडलं. आज तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? पण वर्षभरापूर्वी, मार्च १९२७ मध्ये, महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सोबतच्या लोकांना मार खावा लागला होता. आणि नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० साली सुरू झालेला सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. म्हणून या दारासमोर मी माझ्या वर्गाला नेते तेव्हा घाई करत नाही. मुलं पायऱ्यांवर बसतात, मी गोष्ट सांगते.

बजाजवाडी तर पाहुण्यांचं घरच होती. पंडित नेहरू, सरदार पटेल अशी मंडळी वर्ध्यात आली की इथे उतरत. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्याला जो ठराव केला, त्यातूनच ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'ची हाक निघाली. जमनालालजी मात्र ते पाहायला नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते गेले.

आणि आता माझी सगळ्यात आवडती जागा, मगनवाडी! जमनालालजींनी आपली बाग आणि त्यातलं घर ग्रामोद्योगाच्या कामासाठी दिलं. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ साली वारले होते, त्यांचं नाव या जागेला मिळालं. सेगावला जाण्याआधी गांधीजी इथेच राहत. तेलघाणी, हातकागद, मधमाशा, गूळ, असे कितीतरी प्रयोग इथे चालत. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्यात आयुष्य ओतलं. धूर घराबाहेर नेणारी 'मगन चूल' आणि रॉकेलऐवजी तेलावर जळणारा 'मगन दीप' इथलेच. आजीला विचारा, धुराच्या चुलीपुढे डोळे कसे चुरचुरायचे ते! मग या चुलीचं मोल कळेल. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी इथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. ते आजही आहे, चरखे पाहायला विसरू नका.

हो, सेगावचं सेवाग्राम कसं झालं ठाऊक आहे? गांधीजींची पत्रं चुकून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जायची! म्हणून १९४० साली नावच बदललं. संग्रहालयासमोरच्या रस्त्याला मात्र कुमारप्पांचं नाव आहे. पाटी वाचूनच पुढे जा.