नाशिकला जाऊ, सावकाश पाहू

आपला समाज प्रवास करीत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, विजयादशमीला दीक्षाभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव. भाकरी फडक्यात बांधून, मिळेल त्या गाडीने, उभ्याने का होईना, आपली माणसे जातात. त्या प्रवासाचे मोल मोठेच आहे. परंतु घरच्या चार माणसांनी एखाद्या साध्या दिवशी, स्वतः ठरवून, स्वतः तिकीट काढून, आपला इतिहास जिथे घडला ते ठिकाण निवांत पाहायला जावे, ही सवय अजून आपल्या घरांत रुजलेली नाही. आम्हीही त्यातलेच होतो. आमचे डोळे कसे उघडले ते आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतून एका आयोजकाची बस निघाली होती. 'दोन दिवसांत सात ठिकाणे' अशी जाहिरात. आम्ही सहकुटुंब नावे दिली. आई सत्तरीची. नाशिकला बस त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी थांबली आणि 'चाळीस मिनिटांत परत या' असा हुकूम झाला. गुडघे धरून चढणारी आई चाळीस मिनिटांत वर जाऊन खाली कशी येणार? ती बसमध्येच बसून राहिली. पंचवटीत बस आत जाणार नाही म्हणून काळाराम मंदिराकडे नुसता हात दाखवला आणि गाडी पुढे निघाली. आई काही बोलली नाही. घरी आल्यावर शेजारणीने विचारले तेव्हा म्हणाली, "नाशिक कुठं पाहिलं? बस पाहिली."

ते वाक्य आम्हाला लागले, कारण आईचे आजोबा निफाड तालुक्यातल्या आपल्या गावाहून काळारामाच्या सत्याग्रहाला पायी गेले होते. लहानपणापासून ती त्या दाराची गोष्ट ऐकत आली होती, आणि दारापासून अर्ध्या मैलावर नेऊन आम्ही तिला परत आणले होते.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तीन दिवसांत तीनच ठिकाणे. आई, आमच्या सौ., नववीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि आम्ही. त्या अनुभवातून जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

आधी वाचा, मग निघा

निघण्यापूर्वी महिनाभर रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे वाचन ठेवले. चांगदेव खैरमोडे यांच्या बाबासाहेबांच्या चरित्रातला सत्याग्रहाचा भाग मुलाने मोठ्याने वाचला. लेण्यांतले शिलालेख ब्राह्मी लिपीत आहेत, ते तिथे गेल्यावर आपल्याला वाचता येत नाहीत. म्हणून १८८३ सालच्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमधली माहिती ग्रंथालयात बसून वहीत मराठीत उतरवून घेतली. ही वही म्हणजेच आमचा वाटाड्या. ज्याने आधी वाचले त्याच्याशी दगड बोलतो. न वाचता गेलेल्याला तो नुसता दगडच दिसतो.

मुलांना एकेक काम वाटून द्यावे. मुलाकडे वही आणि मुलीकडे खर्चाचा हिशेब होता. काम दिले की मुले 'कधी परत जायचं' असे विचारीत नाहीत.

गाडी आणि मुक्काम

मुंबई-कल्याणकडच्यांनी सकाळची तपोवन एक्सप्रेस धरावी. दुपारच्या आत माणूस नाशिकरोडला उतरतो. स्टेशनपासून शहर नऊ-दहा किलोमीटर आहे, शहर बस मिळते. रिक्षा केल्यास भाडे आधी ठरवावे. एस.टी.त मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. म्हणून वृद्धांचे आधारकार्ड जवळ ठेवावे. सिंहस्थाच्या पर्वण्यांचे दिवस, रामनवमी आणि लागून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात. पावसाळ्यात डोंगर हिरवा असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. फेब्रुवारीत द्राक्षेही स्वस्त मिळतात.

मुक्कामाचे मात्र अगोदर ठरवून जावे. एका ठिकाणी वहीत आमचे आडनाव लिहिले गेले आणि दोन मिनिटांपूर्वी रिकामी असलेली खोली भरलेली निघाली. मुले ऐकत होती. आम्ही आवाज चढवला नाही, पण गप्पही बसलो नाही. "खोली कुणाला दिली ते वहीत दाखवा," एवढेच म्हणालो. दाखवता आले नाही. तिथे राहायची इच्छाच उरली नव्हती, शेजारच्या लॉजमध्ये बिनतक्रार खोली मिळाली. सांगायचे इतकेच, की असे घडले तर मुलांपासून लपवू नये आणि त्यापायी प्रवासही सोडू नये. ज्या शहरात आपले पूर्वज दारासाठी झगडले, तिथून आपण मान खाली घालून परतायचे नसते.

काळारामाचे दार

पहिल्या दिवशी दुपारी पंचवटीत गेलो. गोदावरीचा पूल ओलांडून रिक्षाने थोडे अंतर. मंदिर काळ्या दगडाचे, भोवती उंच कोट, आणि चार दिशांना चार दरवाजे. मुलाने तिथेच वही उघडून वाचले : २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक मंदिराकडे निघाली, दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी चारही दरवाजांवर बसली. ९ एप्रिलला रामाच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांच्यासारख्यांनी हा लढा पुढे काही वर्षे नेटाने चालवला.

मुलीने विचारले, "आता आत जाऊ देतात?" देतात. कोणीही जातो. मग आईला विचारले, "आत जायचं का?" आई म्हणाली, "आत कशाला? मला दार बघायचं होतं." तिने चारही दरवाजांना फेरी मारली. तिचे आजोबा कोणत्या दरवाजावर बसले होते ते तिला ठाऊक नव्हते, म्हणून चारही पाहिले. एका उंबऱ्याजवळ थोडा वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "चला, चहा घेऊ."

त्या संध्याकाळी खोलीवर मुलांना समजावले. ३ मार्च १९३४ रोजी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनीच स्पष्ट केले आहे, की आपल्या माणसांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात बळ यावे म्हणून होता. आजी आत का गेली नाही, ते मुलांना मग बरोबर कळले.

त्रिरश्मी : चढ सावकाश

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर लेण्यांकडे निघालो. शहराच्या मध्यापासून मुंबई रस्त्याने आठेक किलोमीटर. लोक 'पांडवलेणी' म्हणतात, पण पांडवांचा यात काही संबंध नाही. शिलालेखात या डोंगराचे नाव 'तिरण्हु' म्हणजे त्रिरश्मी असे आहे, आणि ही २४ लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. आपण तरी त्रिरश्मीच म्हणावे.

तरणा माणूस वीस-पंचवीस मिनिटांत चढतो. आईला तासाहून जास्त लागला. अकरा वेळा बसलो, पाणी प्यालो, खाली पसरलेले शहर पाहिले. घाई करणारा कोणी नव्हता. वर तिकीट आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. बॅटरी, पाणी आणि कोरडा खाऊ जवळ ठेवावा.

सगळी लेणी पाहण्याचा हट्ट धरू नये. तीन नीट पाहावीत : तिसरे, दहावे आणि अठरावे. तिसरे गौतमी बलश्रीचे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या या मातेने, नातू पुळुमावीच्या राजवटीच्या १९ व्या वर्षी ते भिक्षुसंघाला दिले. अठरावे म्हणजे चैत्यगृह, तिथे बसून पाच मिनिटे डोळे मिटावेत. दहाव्यात मात्र आम्ही तासभर थांबलो, कारण तिथे आमच्या धंद्याचे काम निघाले.

दोन हजारांचे व्याज

आम्ही कारकून माणूस, त्यात बी.कॉम. नहपान राजाचा जावई उषवदात याने हे लेणे संघाला दिले आणि सोबत तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ठेव कुणाकडे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीत, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाच्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

मुलाला म्हटले, पडताळून पाहा. त्याने पायरीवर बसून मांडले : दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. भागिले वीस भिक्षू. बरोबर बारा! एक पैसा इकडचा तिकडे नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला नव्वद, ते इतर किरकोळ खर्चासाठी. शिवाय हा सारा व्यवहार सभेत जाहीर करून दप्तरात नोंदवल्याचेही लेखात आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीपुढे आमच्यासारख्या कारकुनाने हात जोडले, तर त्यात नवल ते काय!

याच लेण्यात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा लेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधासाठी तिने वेगवेगळ्या कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या, त्यांत तेल गाळणारेही आहेत. आमच्या सौ. महिला बचत गटाचे काम पाहतात. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमचं काम जुनंच आहे."

या डोंगरावर राजे-राण्यांचेच दान आहे असे नाही. एक लेणे मुगुदास नावाच्या दासकाचे आहे. दासक म्हणजे कोळी, असा अर्थ अभ्यासक लावतात. एक लेणे आणि पाण्याची दोन टाकी दशपूरच्या, म्हणजे आजच्या मंदसोरच्या, वुधिक नावाच्या 'लेखका'चे आहे. लेखक म्हणजे त्या काळचा लेखनिक. आमच्याच जातकुळीतला!

एक विनंती. लेण्यात मेणबत्ती-अगरबत्ती लावू नये. काजळीने कोरीवकाम खराब होते. भिंतीवर नाव लिहू नये, शिलालेखावर हात फिरवू नये. वंदना करायची असेल तर पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे. तिथे २४ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीलंकेतील अनुराधापूरच्या महाबोधीवृक्षाचे रोप लावले आहे. उतरल्यावर आई तिथे बराच वेळ बसली.

येवला आणि परतीची वाट

तिसऱ्या दिवशी एस.टी.ने येवला. छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या गाड्या येवल्यावरून जातात. सुमारे ८५ किलोमीटर, दोन तास धरावेत. इथे १३ ऑक्टोबर १९३५ च्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ते शब्द आपल्या घरोघरी तोंडपाठ आहेत, इथे लिहायला नकोत. मुलीने मुक्तिभूमीच्या आवारात बोटांवर मोजले : येवल्यापासून नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत एकवीस वर्षे आणि एक दिवस. पहिल्या दिवशी पाहिलेले दार आणि हे मैदान यांची सांगड मुलांच्या मनात तिथे बसली. म्हणून हाच क्रम ठेवावा : आधी काळाराम, मग येवला.

येवला हे पैठणीचे गाव. दोन-तीन मागांवर विणकाम पाहायला मिळाले. घ्यायला ऐपत नव्हती, पण विणकराने मुलीला धागा कसा भरतात ते हौसेने दाखवले. आदल्या दिवशी दगडावर वाचलेले विणकर तिला आठवले. येवल्याहून मनमाड जवळ आहे. तिथून रात्री आम्ही कल्याणची गाडी धरली.

पैशाचे काय?

हा प्रश्न येणारच. परत आल्यावर आम्ही टपाल खात्यात दरमहा पाचशे रुपयांचे आवर्ती खाते उघडले. वर्षाचे सहा हजार आणि वरचे व्याज. जवळच्या प्रवासाला कुटुंबाचे एवढ्यात भागते. पाचशे झेपत नसतील तर शंभरापासून सुरू करता येते. बारशाला-लग्नाला आपण कर्ज काढतो, मग मुलांना त्यांचा इतिहास दाखवायला महिन्याला चार पैसे बाजूला ठेवणे कठीण नाही.

घरात वृद्ध माणूस असेल तर पुढच्या वर्षावर टाकू नका. त्यांच्या पावलाने चाला, ते बसतील तिथे बसा. आणि परत आल्यावर त्या रात्रीच मुलांकडून वहीची दोन पाने लिहून घ्या. आमच्या मुलीच्या वहीत शेवटची ओळ आहे : "आजीने चारही दारे पाहिली."

जयभीम.