पाकोळीचे वकीलपत्र

वकिली करणाऱ्याने आपण हरलेल्या दाव्यांविषयी चारचौघांत बोलू नये, असा आमच्या व्यवसायातला जुना संकेत आहे. पण ज्या दाव्याची हकिगत आम्ही येथे सांगणार आहोत, तो कोणत्याही न्यायालयात उभा राहिला नाही. त्याला मुद्रांक लागला नाही, त्याची फी मिळाली नाही, आणि ज्या अशिलांच्या वतीने आम्ही बोललो त्यांनी आम्हांला वकीलपत्र दिलेलेही नव्हते. तेव्हा संकेतभंगाचा दोष वाचक आमच्या माथी मारणार नाहीत, अशी आशा आहे.

आम्ही राहतो कुकटपल्लीला. आमचे वडील नांदेडाहून शिक्षणासाठी हैदराबादेस आले आणि काचीगुड्यात स्थिरावले; तेथल्या वाड्यात मराठीखेरीज दुसरी भाषा कानांवर पडली तरच नवल. पुढे वाडा गेला, आम्ही शहराच्या या वायव्य टोकाला आलो. कुकटपल्ली एके काळी तळ्याकाठचे गाव होते. आता मेट्रोचे खांब, उड्डाणपूल आणि एकमेकींच्या खिडक्यांत डोकावणाऱ्या इमारती यांच्या दाटीत तळे कोठे संपते आणि नाला कोठे सुरू होतो, हे सांगायला मोजणीदार आणावा लागेल. अशाच एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड आहे. आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या छज्जाखाली, सांडपाण्याच्या नळाला लागून, गेली काही वर्षे पाकोळ्यांचे एक जोडपे घर करून होते.

घर म्हणजे चिखलाच्या बारीक गोळ्यांची अर्धी वाटी, भिंतीला चिकटवलेली. आत मऊ पिसे. पावसाळ्याच्या तोंडाशी ही मंडळी डागडुजीला लागत. आमच्या सौभाग्यवती कारवारकडच्या. त्या सकाळी चहाचे आधण ठेवता ठेवता 'सवणीं आयलीं' असे कोकणीत जाहीर करीत, आणि आमच्या घरचा मृगाचा मुहूर्त तेव्हा लागे. पक्ष्याचे नाव काय, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. तो आम्हांला पडला, आणि तेथेच सारे बिनसले.

गेल्या भाद्रपदात आमच्या सोसायटीने दसऱ्यापूर्वी इमारतीला रंग देण्याचे ठरविले. त्याच कंत्राटात कबुतरांची घाण आणि घरटी काढणे, जाळ्या बसविणे, हेही होते. कबुतरांविषयी आमचे मत समितीहून वेगळे नाही. पण आमच्या छज्जाखाली त्या वेळी तीन पिल्ले होती. आई-बाप आले की वाटीच्या काठावर तीन पिवळसर चोची उघडत. आम्ही अर्ज करण्याचे योजिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचली, तर ज्याने जन्मात बंदूक पाहिली नाही असा गृहस्थही चपापेल. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हेदेखील तीत येते. मात्र ते संरक्षण अनुसूचीत नोंद झालेल्यांना, आणि अनुसूचीत प्रवेश नावानिशी. म्हणून नाव हवे.

आमच्या कन्येला छायाचित्रणाचा नाद आहे. तिने दोन दिवस खिडकीत बसून उडत्या पक्ष्याचे एक चित्र टिपले. ते खरोखरच देखणे होते. पंख धनुष्यासारखे ताणलेले, मागे नुसते आभाळ. पाठीमागचे आभाळ लख्ख असल्याने तिने चित्र जरा उजळ केले, आणि चौकटीत आलेली ओल धरलेली भिंत, नळ व घरट्याची कड कापून टाकली. कुरूप दिसत होती म्हणून. मग ते चित्र मोबाइलमधल्या एका ॲपपुढे ठेवले. ॲपने क्षणाचाही विलंब न लावता निकाल दिला: बँक स्वॉलो. आम्ही तो प्रमाण मानून अर्जात लिहिला, चित्र जोडले, आणि वकिली शिरस्त्याप्रमाणे कलमांचा मारा केला.

सभेत काय झाले ते सांगताना आजही आमचा चेहरा किंचित तापतो. चिटणीस हे बँकेतून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. ते चष्मा सावरून म्हणाले, "लॉयरगारू, बँकेत मी अडतीस वर्षे काढली, हा पक्षी तिथे कधी पाहिला नाही." सभा हसली. आम्हीही हसलो. पण खजिनदार हसले नाहीत. ते आपल्या मोबाइलवर काही वाचीत होते. त्यांनी शांतपणे वाचून दाखविले, की हा पक्षी नदीकाठच्या वाळूच्या उभ्या दरडीत हातभर लांब बीळ कोरतो आणि त्याच्या टोकाला अंडी घालतो. इमारतीवर घरटे करीत नाही. "तुमच्या भिंतीत बीळ आहे काय?" नव्हते. "मग तुमच्या छज्जाखाली आहे ते घरटे या पक्ष्याचे नाही. बहुधा कबुतराचे असेल. आणि कबुतरांसाठीच तर आपण पैसे देत आहोत."

उलटतपासणीत इतका सपशेल मार आम्ही उमेदवारीच्या दिवसांतही खाल्ला नव्हता. वर जाऊन पाहा, म्हणण्याचे भान राहिले नाही. सुचले तेव्हा सभा पुढच्या विषयावर गेली होती. अर्ज फेटाळला.

त्या रात्री आम्ही पुस्तके उघडून बसलो. जुने पक्षिग्रंथ आता संगणकावर पानेच्या पाने पाहावयास मिळतात, आणि हरलेल्या वकिलाइतका चिकट वाचक दुसरा नाही. अमेरिकेत ज्याला बँक स्वॉलो म्हणतात त्यालाच इंग्लंडात सँड मार्टिन म्हणतात. ही 'बँक' म्हणजे नदीची दरड. वर तपकिरी, पोट पांढरे, आणि छातीवर तपकिरी पट्टा. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या सेलबोर्नच्या निसर्गेतिहासात गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने, एवढ्याशा नाजूक चोचीने आणि नखांनी हा पक्षी घट्ट वाळू कशी पोखरतो, याचे मोठे कौतुक केले आहे. पण चित्रकारांची पंचाईत अशी, की हा पक्षी एक तर हवेत असतो, नाही तर बिळात. बसून दाखवील तर शपथ. त्या काळी त्याला टिपण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे बंदूक. ऑड्युबॉन ताज्या मारलेल्या पक्ष्यांना तारा टोचून हवी ती ढब देत असे आणि मग कागदावर उतरवी. याच ऑड्युबॉनला दरडीतल्या भिंगऱ्यांमध्येच दुसरी एक जात असल्याचा शोध लागला. १८३८ साली त्याने तिला नाव दिले ते पंखाच्या कडेला करवतीचे दाते आहेत म्हणून. ते दाते पिसावरून बोट फिरवले तर कळतात. चित्रात, आणि आमच्या कन्येच्या कॅमेऱ्यातही, दिसणार नाहीत.

मग हार्डविक निघाला. बंगालच्या तोफखान्यातला हा मेजर-जनरल हिंदुस्थानात असताना देशी चित्रकारांकडून प्राण्यांची चित्रे काढवून घेई. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्याच्या संग्रहाच्या आधारे १८३० ते १८३५ या काळात लंडनला हिंदी प्राण्यांचा मोठा चित्रग्रंथ निघाला. चित्रे छापली गेली, हातांनी रंगवली गेली, पण १८३५ साली हार्डविक वारला आणि चित्रांसोबत यावयाचा मजकूर कधी आलाच नाही. त्या ग्रंथात एका लहानशा पाकोळीचे चित्र आहे, आणि ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने त्याखाली नाव घातले: चिनेन्सिस, म्हणजे चीनची. उत्तर हिंदुस्थानात नद्यांच्या दरडी हिवाळ्यात पोखरणारी, छातीवर पट्टा नसलेली, राखी गळ्याची ती हीच पाकोळी. वर्णनाची एक ओळ नाही. केवळ चित्र आणि चित्राखालचा शब्द, एवढ्या पुराव्यावर हे नाव जवळजवळ दोनशे वर्षे उभे आहे. आमच्या खजिनदारांनी हे प्रकरण चालविले असते तर पहिल्याच तारखेला निकाली निघाले असते!

कॅमेऱ्याची सुरुवात नेमकी उलट बाजूने झाली, हे वाचून आम्हांला गंमत वाटली. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांचे १८९५ सालचे पुस्तक निसर्गातल्या प्रत्यक्ष छायाचित्रांनी सजलेले. पण ते पक्ष्यांचे नव्हे, पक्ष्यांच्या घरट्यांचे. कारण उघड आहे. त्या काळची काच पुरती उजळेपर्यंत पक्षी थांबत नसे, घरटे थांबे. चित्रकाराजवळ पक्षी होता पण दरड नव्हती. छायाचित्रकाराला दरड मिळाली, पक्षी उडून गेला. पुढे वीजदीप आले, चपळ झडपा आल्या, आणि आज एका सेकंदाचा सहस्रांश कोणीही पकडू शकतो. तो पकडताना भिंत कुरूप म्हणून कापली जाते.

पहाटे तीनच्या सुमारास आमचा अशील सापडला. तो सापडला आमच्याच दख्खनमध्ये. मुंबई लष्करातला कर्नल साइक्स या मुलखात हिंडून पाहणी करीत होता. त्याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, आणि तीत एका काळपट तपकिरी, सर्वांगी एकरंगी पाकोळीला 'कॉन्कलर' हे नाव दिले. कडेकपारींत, किल्ल्यांच्या तटांवर, आता इमारतींच्या छज्जांखाली, चिखलाची अर्धी वाटी बांधणारी. शेपूट पसरली तर टोकाशी पांढरे ठिपके. कन्येने मूळ, न उजळलेले, न कापलेले चित्र काढले. पोट काळसरच होते. शेपटीवर ठिपके होते. आणि कडेला, नळाशेजारी, घरट्याची वाटी अशी ठसठशीत दिसत होती, की ती कबुतराची म्हणण्याचे धाडस खजिनदारांनाही झाले नसते.

नव्या भारतीय साक्ष अधिनियमाखाली, जो १ जुलै २०२४ पासून अमलात आला, असे चित्र न्यायालयात द्यायचे तर कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते: कोणत्या यंत्रातून निघाले, यंत्र नीट चालत होते की नाही, वगैरे. आम्ही अशी प्रमाणपत्रे अशिलांना शेकड्यांनी करून दिली आहेत. यंत्र नीटच चालत होते. चित्रात कोण आहे, याचे प्रमाणपत्र मात्र आम्ही सही करून दिले होते, आणि ते खोटे होते.

दुसरा अर्ज आम्ही दुसऱ्याच दिवशी लिहिला. चिटणीस सज्जन माणूस, ते म्हणाले, "लॉयरगारू, आधी हेच का नाही दाखवले? रविवारी समितीपुढे ठेवतो." तो बुधवार होता. रंगाऱ्यांचा झुला आठव्या मजल्यावर लोंबत होता. शुक्रवारी आम्ही न्यायालयात होतो, कन्या महाविद्यालयात. दुपारी घरून दूरध्वनी आला. सौभाग्यवतींनी खिडकीतून त्या पोराला थांबविण्याचा प्रयत्न केला होता. पण त्याची भाषा ओडिया, यांची कोकणी आणि मोडकी तेलुगू, आणि त्याच्या हाती असलेल्या कागदावर घरटी काढण्याचे काम नमूद होते. त्याच्यावर रागवावे असे आम्हांला वाटले नाही. तो हुकमाप्रमाणे वागला, आणि त्या हुकमाला आधार आमच्याच अर्जाने पुरविला होता.

संध्याकाळी दोन पक्षी छज्जासमोर येत, थबकत, वळत, पुन्हा येत. असे तीन दिवस चालले. मग ती दिसेनाशी झाली. सौभाग्यवती त्या आठवड्यात खिडकीचा पडदा ओढून स्वयंपाक करीत होत्या.

कार्तिकात ती परतली. नवा रंग गुळगुळीत असल्याने की काय, चिखल धरीना. दोनदा गळून पडला. सध्या ती नळाच्या कोपरावर रात्री अंग चोरून बसतात. कन्येने या साऱ्यात एकच चित्र काढले आहे. रंगाऱ्याच्या हातून नळामागची वीतभर भिंत सुटली आहे; तिच्यावर घरटे खरवडल्याची अर्धचंद्राकार खूण आहे, चिखलात अडकलेले एक पांढरे पीस आहे. खाली तिने लिहिले आहे: सातवा मजला, पूर्वेची भिंत, सांडपाण्याच्या नळाच्या डाव्या हाताला. तारीख घातली आहे. चित्रात पक्षी नाही. कापलेले काही नाही.