नऊ तास

आजीला किलोमीटर कळत नसे. तिची सगळी अंतरं वेळेत. निपाणी एसटीनं तासाभरावर, मुंबई एका रात्रीवर. आक्का नर्स म्हणून लंडनला गेली तेव्हा आजीनं विचारलं, "किती लांब हाय गं ते?" मी मोबाईल बघून सांगितलं, "मुंबईहून विमानानं सात हजार दोनशे किलोमीटर." आजी म्हणाली, "तास सांग." मी म्हटलं, "जाताना दहा, येताना नऊ."

"येताना कमी? मग बरं हाय की!"

त्याचं कारण मी तिला ओट्यावर बसून समजावलं होतं. एवढ्या उंचीवर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. लंडनला जाताना तो विमानाच्या समोरून येतो, परतताना पाठीमागून ढकलतो. विमान नकाशावर वळसा घेतंय असं वाटतं, पण पृथ्वी गोल असल्यानं तोच जवळचा रस्ता असतो. ८ जून १९४८ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं. आता एका उड्डाणात पोचतं. आजी एवढंच म्हणाली, "म्हणजे आक्का नऊ तासांवर हाय."

गेल्या जुलैत आजी गेली. रात्री आठला. आक्काला त्याच रात्री साडेनऊचं विमान मिळालं, तिथल्या घड्याळानं. उतरणार सकाळी अकराला, आपल्या घड्याळानं. साडेतेरा तासांतून साडेचार तासांचा फरक वजा केला की बरोब्बर नऊ.

फादरांनी विचारलं, "बहीण कधी पोचेल?" मुंबई ते सदलगा मोबाईलवर बघून मी म्हटलं, "पाचपर्यंत." मिस्सा पाचला ठरली, ती माझ्या आकड्यावर.

इमिग्रेशन आणि बॅगांची रांग मी धरलीच नव्हती. पनवेलचा ट्रॅफिक धरला नव्हता. पाऊस तर मोबाईललाही माहीत नव्हता. दूधगंगा चढली होती, मलिकवाड-दत्तवाड पूल पाण्याखाली. कोल्हापूरला विमानतळ आहे, बेळगावला आहे, पण त्या वेळेला जुळणारं विमान नव्हतं.

पाच वाजता आक्का खंबाटकी घाटात होती. फादर अर्धा तास थांबले. खानापूरहून आलेल्या पाहुण्यांना परतायचं होतं, आणि सिमेट्रीत खणलेल्या जागेत पाणी झिरपायला लागलं होतं. बाबा म्हणाले, "आता थांबून चालणार नाही." मी व्हिडिओ कॉल लावून मोबाईल वर धरला. मातीची पहिली मूठ पडली तेव्हा आक्काची रेंज गेली होती.

ती पोचली रात्री साडेदहाला, निपाणी-चिकोडीवरून फिरून. सात हजार दोनशे किलोमीटर नऊ तासांत आणि राहिलेले चारशे दहा तासांत. मी म्हटलं, "आक्का, माझा हिशेब चुकला." ती काही बोलली नाही. चप्पल न काढता तशीच टॉर्च घेऊन सिमेट्रीकडे निघाली. मी छत्री धरून मागून गेले.

आक्का परत गेली. आता आई विचारते, "आक्का किती लांब आहे गं?" मी नऊ तास म्हणत नाही. म्हणते, "एक रात्र आणि एक अख्खा दिवस. पावसाळ्यात थोडं जास्तच."